काढ्यात पडलेला चहा

मसाला चहाची गोष्ट आज सर्रास सांगितली जाते ती अशी: चहा इंग्रजांनी आणला, किटलीत पत्ती भिजवून तो कसा प्यायचा हे त्यांनीच शिकवलं, आणि पुढे आपल्याकडच्या चहावाल्यांनी पावडर वाचावी म्हणून त्यात दूध, साखर आणि मसाला वाढवत नेला. या गोष्टीत मसाला हा मागाहून आलेला पाहुणा ठरतो, आणि घरी चहा करतानाही आपण त्याला तसंच वागवतो. चहा उकळला, दूध पडलं, आणि गॅस बंद करायच्या बेताला चिमूटभर मसाला वरून भुरभुरला. ही गोष्ट निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी सुरतेच्या जुन्या कागदांत आणि आजच्या गुजराती स्वयंपाकघरात सापडते, आणि ती पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की आपला मसाला चहा म्हणजे मुळात एक काढा आहे. मसाला आधीचा, चहा त्यात नंतर पडला. हे नुसतं इतिहासापुरतं नाही. पातेल्यात काय आधी घालायचं आणि काय शेवटी, हेही त्यावरून ठरतं.

सुरत सतराव्या शतकात मुघल साम्राज्याचं सर्वांत गजबजलेलं बंदर होतं. हजला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात बसत, इंग्रज आणि डच कंपन्यांच्या वखारी इथे होत्या, आणि 1644 मध्ये बांधलेली मुघल सराई (आज तिथे महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे) परदेशी प्रवाशांनी भरलेली असे. 1638 मध्ये योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा जर्मन तरुण सुरतेला आला आणि इंग्रजांच्या वखारीत राहिला. रोजच्या बैठकीत तिथे चहाच दिला जाई असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या देशातले लोकही तो पितात आणि पोट साफ करणारं औषध म्हणून पितात, अशीही त्याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये त्या वेळी चहा जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हता. पन्नास वर्षांनी, 1689 मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जहाजावरचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन सुरतेत येऊन राहिला. त्याचं प्रवासवर्णन 1696 मध्ये छापलं गेलं. डचांच्या घरी चहाचं भांडं चुलीवरून क्वचितच उतरतं, बनियांना चहा आणि कॉफी पिण्यात धर्माची आडकाठी नाही, अशा नोंदी त्यात आहेत. आणि त्यातच आपल्या कामाचं एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा: पाण्यात काही गरम मसाले घालून चहा उकळला की तो डोकेदुखीवर, मूतखड्यावर आणि पोटातल्या मुरड्यावर गुणकारी समजला जातो, लोक तो खडीसाखर घालून पितात, आणि जास्त चोखंदळ असतील ते मुरवलेली छोटी लिंबं घालतात. ओव्हिंग्टनला या पेयाची इतकी गोडी लागली की 1699 मध्ये त्याने चहावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

या नोंदीतलं एकेक टोक धरून पाहू. चहा इथे भिजवला जात नाही, उकळला जातो. मसाले त्याच पाण्यात उकळतात, वरून पडत नाहीत. आणि पिण्याचं कारण दुखण्याशी जोडलेलं आहे. ही तिन्ही लक्षणं काढ्याची. आसामात चहाची झुडपं असल्याचं इंग्रजांच्या लक्षात आलं ते 1823 च्या सुमारास, म्हणजे ओव्हिंग्टनचं पुस्तक छापलं गेलं त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. सुरतेतला चहा चिनी होता, जहाजातून आलेला होता, महाग होता. तो हातात पडल्यावर इथल्या माणसाने कोणत्याही अनोळखी वाळलेल्या पानाचं जे केलं असतं तेच केलं: सुंठ-मिऱ्याबरोबर पाण्यात टाकून उकळलं.

आयुर्वेदाने या दोन रीतींना कधीच वेगळी नावं दिली आहेत. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथ आणि फांट हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. क्वाथासाठी औषध जाडसर कुटायचं, सोळापट पाण्यात घालून मंद आचेवर आटवायचं आणि आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. फांटासाठी कुटलेल्या औषधावर चौपट गरम पाणी ओतायचं, थोडं ठेवायचं आणि कापडातून गाळून घ्यायचं. इंग्रजी किटलीतला चहा हा शुद्ध फांट आहे, सुरतेतला चहा क्वाथ. लाकडासारखी कडक, मुळासारखी चिवट द्रव्यं क्वाथाने उतरतात. पानं-फुलं, ज्यांचा वास हाच जीव, ती फांटात टिकतात. हा भेद मनात ठेवला की घरच्या चहाची निम्मी कोडी सुटतात, त्याकडे पुढे येऊच.

पण जुनी पुस्तकं बाजूला ठेवली तरी एक जिवंत पुरावा सुरतेत घरोघरी उभा आहे, तो म्हणजे उकाळो. चहा न पिणारी गुजराती माणसं, म्हातारी मंडळी, व्रत म्हणून चहा सोडलेल्या बाया सकाळी उकाळो घेतात. सुंठ, मिरे, आलं, फुदिना, लीली चा (म्हणजे गवती चहा) पाण्यात उकळून त्यात दूध आणि साखर. म्हणजे मसाला चहातलं सगळं, फक्त चहा नाही. चहा काढून घेतला तरी ज्या पेयाचं नाव, रीत आणि वेळ शाबूत राहते, त्यात चहा नंतर आला असणार, असा माझा तर्क आहे. त्याला दुसरा टेकू गुजराती चहाच्या मसाल्याचा. आपल्याकडे चहाचा मसाला म्हटला की वेलची आणि जायफळ आठवतं, पण सुरतेतल्या किराणा दुकानातला ‘चा नो मसालो’ उघडा. पहिला ठसका सुंठ-मिऱ्याचा बसतो, आणि त्यात पुष्कळदा गंठोडा असतो. गंठोडा म्हणजे पिंपळमूळ, पिंपळीच्या वेलाचं मूळ. सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकूट वैद्यकातलं त्रिकटू. चहाच्या डब्यात ते मुळासकट येऊन बसलं आहे, आणि चवीच्या हौसेने एवढा तिखट मसाला कुणी जमवला असेल असं वाटत नाही.

आता आक्षेप. पहिला म्हणजे मधल्या दोनशे वर्षांचं काय? ओव्हिंग्टनचा चहा आणि आजचा चहा यांच्यामध्ये अखंड धागा दाखवता येत नाही, हे कबूल करायला हवं. तापीचं मुख गाळाने भरत गेलं, व्यापार मुंबईकडे वळला, आणि महाग चिनी चहा सामान्य घरात नेमाने शिजत होता असं म्हणायला आधार नाही. आसामचा चहा पिकू लागल्यावरही तो बव्हंशी लंडनला जाई. देशात चहा खपवायचे संघटित प्रयत्न 1903 च्या चहा उपकर कायद्यानंतर सुरू झाले, आणि 1933 मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आल्यावर उरलेला माल इथेच खपवण्यासाठी त्यांना जोर चढला. तेव्हा रोजच्या सवयीचा चहा विसाव्या शतकातला, हे बरोबरच आहे. पण माझा दावा पेयाच्या सलगतेचा नाहीच, रीतीच्या सलगतेचा आहे. चहा आला, गेला, पुन्हा आला; काढा मात्र कुठेच गेला नव्हता. दोन्ही वेळा चहा त्याच पातेल्यात पडला.

याला सगळ्यात चांगली साक्ष देतात ती चहा खपवणारी मंडळीच. त्यांनी स्टेशनांवर इनॅमलच्या पाट्या लावल्या: ताजं पाणी उकळा, भांडं आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती, थोडा वेळ झाकून ठेवा, दूध-साखर मागाहून. म्हणजे फांटाची कृती. आणि त्यांच्याच प्रचारकांची तक्रार होती की चहावाले ऐकत नाहीत, पत्ती मसाल्याबरोबर उकळतात. पावडर वाचवण्याचा हेतू त्यात नक्की असणार. पण पावडर वाचवायची तर पाणी वाढवूनही वाचते. त्यासाठी आलं आणि मिरेच का सुचावेत, याचं उत्तर काटकसरीत मिळत नाही, काढ्याच्या सवयीत मिळतं.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात हमखास येईल, तो पंचहौद मिशनचा. 1890 मध्ये पुण्याच्या या मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींच्या पुढे चहा आला आणि त्यावरून ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. तेव्हा चहा परकाच होता ना? पण त्या वादाचा गाभा चहाच्या पानात नव्हता, कपबशी कुणाच्या हातून आली यात होता. मिशनमधलं पाणी पुढे आलं असतं तरी गहजब झालाच असता. सुरतेच्या बनियांना चहा चालत होता तो त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच सुंठीबरोबर उकळलेला होता म्हणून.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: ओव्हिंग्टनच्या चहात दूध नाही, आणि दुधाशिवाय तो आपला चहाच नव्हे. खरंच आहे. दूध घातल्याने पेय बदलतं, नुसता रंग नव्हे. पण दूध घालून उकळण्याची कल्पनाही इंग्रजांच्या दुधाच्या भांड्यातून घेण्याची गरज नव्हती. शार्ङ्गधराकडेच क्षीरपाक आहे: औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचं. इंग्रज दूध कपात ओततात, थंड किंवा कोमट. आपण ते पातेल्यात घालून चहाबरोबर उकळतो. ही रीत क्षीरपाकाच्या घरातली आहे. हा चहा आजच्या रूपात घट्ट बसवला तो मात्र दोन नव्या गोष्टींनी. एक म्हणजे सीटीसी, पानं चिरडून, फाडून, वळून दाणे करणारं यंत्र, जे आसामात 1930 च्या सुमारास विल्यम मॅककर्चरने आणलं. या दाणेदार चहाचा रंग दूध घातल्यावरही हटत नाही. दुसरी म्हणजे सहकारी दूध संघ. सुरतेचा सुमुल 1951 चा, आणि पुढे शहरातल्या गल्लीगल्लीत पहाटे दूध पोचू लागलं.

मग घरी करायचा कसा? दोन मोठ्या कपांसाठी दीड कप पाणी आणि एक कप दूध धरा. आधण ठेवतानाच, पाणी गार असतानाच, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून आणि चिमूटभर सुंठ-मिरे-पिंपळमुळाची जाडसर पूड टाका, दालचिनी-लवंग हवी तर तीही. ही सगळी क्वाथाची द्रव्यं आहेत. मुळं, साली, वाळलेल्या कळ्या. पाणी आत शिरून अर्क बाहेर यायला वेळ लागतो. तीन-चार मिनिटं चांगलं खळखळू द्या. आल्याच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर असतं, पपईत असतं त्या जातीचं. साठ-सत्तर अंश तापमानाला ते सर्वांत जोरात असतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात आल्याच्या ताज्या रसावर गरम गोड दूध ओतून ते मुद्दाम दह्यासारखं लावतात, तो याच विकराचा गुण. आपल्या पातेल्यात तेच घडलं की आपण म्हणतो चहा फुटला, आणि बोल लागतो दूधवाल्याला. आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं की विकर निकामी होतं आणि दूध शाबूत राहतं. शिवाय कच्च्या आल्यातला तिखटपणा उकळल्यावर काहीसा मवाळ, गोडसर होतो. आलं दुधात पडावं की पाण्यात, हा वाद इथे संपायला हरकत नाही.

मग चहा पावडर, दोन सपाट चमचे, आणि साखर. सीटीसीचे दाणे बारीक, दोन मिनिटांत रंग आणि कडकपणा दोन्ही देतात. त्याहून जास्त उकळलं तर फक्त तुरटपणा वाढतो. दूध यानंतरच, कारण दुधातलं केसीन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. दूध आधी घातलं तर पाणी जो अर्क काढणार तो नीट निघत नाही, मागाहून घातलं तर निघालेला तुरटपणा ते जिभेवरून उचलून नेतं. दुधातल्या स्निग्धांशाचं कामही मोठं आहे. मिऱ्यातलं पायपरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लवंगेचं आणि वेलचीचं सुगंधी तेलही नाही. ते स्निग्धांशात उतरतं. म्हशीच्या सायीच्या दुधातला मसाला घशात रेंगाळतो आणि पाणीदार दुधातला नुसता टोचून जातो, त्याचं कारण हे. सुरती नावाची म्हैस या बाबतीत नावाजलेली आहे, तिच्या दुधात स्निग्धांश भरपूर. (नाव सुरती असलं तरी तिचा मूळ टापू खेडा-वडोदऱ्याकडचा.) दूध घातल्यावर दोन-तीनदा वर येऊ द्या, दरवेळी आच कमी करून खाली बसू द्या. उतू जाण्याच्या बेतात आलेल्या त्या फेसाळ क्षणी दूध आणि चहा खरे एकजीव होतात.

फांटाची द्रव्यं आता, शेवटी. वेलचीचा वास तिच्या काळ्या दाण्यांत असतो आणि उडून जायला टपलेला असतो. पाच मिनिटं उकळली तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात काही उरत नाही. दोन वेलच्या दाण्यांसकट चेचून गॅस बंद करताना टाका. फुदिन्याची पाच-सहा पानंही तेव्हाच, हातावर चुरून. झाकण ठेवा, दोन मिनिटं थांबा, मग गाळा. म्हणजे एकाच पातेल्यात आधी क्वाथ आणि मग फांट. तयार मसाल्याची पूड वरून भुरभुरण्याचा तोटाही इथे कळतो: तिच्यातल्या सुंठीला उकळायला वेळ मिळत नाही, ती कपाच्या तळाशी गाळ होऊन बसते, आणि तीच पूड सुरुवातीला टाकली तर वेलची फुकट जाते. दोन्ही एका डबीत कोंबणंच चुकीचं. सुंठ-मिऱ्याची एक डबी आणि सबंध वेलचीची दुसरी असावी, आणि तीही थोडीथोडी; सुरतेच्या दमट हवेत कुटलेला मसाला महिन्यात मेतकूट होतो.

चहाचे दर्दी यावर नाक मुरडतील की मसाल्याने चहाची मूळ चव मरते. दार्जिलिंगच्या पहिल्या खुड्याबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. तो उकळणं म्हणजे मोगरा तळणं. पण सीटीसी चहा सुगंधासाठी केलेलाच नाही. तो रंग, दाटपणा आणि कडकपणासाठी केलेला आहे, त्यात वासाची जागा मोकळी असते आणि मसाला ती भरतो. आणि औषधी गुणांविषयी दोन शब्द: ओव्हिंग्टनने मूतखड्याचं नाव घेतलं म्हणून मसाला चहाने मूतखडा जाईल असं कुणी समजू नये. एका कपातलं आलं-मिऱ्याचं प्रमाण नगण्य आहे. घसा शेकतो, नाक मोकळं वाटतं, एवढं खरं, आणि त्याला गरम वाफेचाही हातभार असतो.

राहिली लीली चा. सुरतेच्या भाजीवाल्याकडे ती फुदिन्याशेजारी जुड्या बांधून ठेवलेली असते. शहरातल्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या घरांत तिला गवती चहा म्हणतात आणि भाजीच्या गाडीवर लीली चा. चहाच्या झुडपाशी या गवताचं दूरचंही नातं नाही, तरी दोन्ही भाषांनी त्याला चहाच म्हटलं, कारण पातेल्यात ते चहाचं काम करत होतं. आता ओव्हिंग्टनच्या त्या चोखंदळ लोकांची मुरवलेली लिंबं आठवा. बिनदुधाच्या चहात लिंबू खुशाल चालतं. दूध आल्यावर त्याला जावं लागलं, कारण आंबटाने दूध फाटतं. लिंबाच्या सालीच्या तेलात जे सिट्रल वास देतं तेच गवती चहाच्या पात्यात भरलेलं असतं, आणि तेही आंबटपणाशिवाय. त्या बरण्यांतल्या लिंबाची जागा या गवताने मुद्दाम घेतली असं कागदोपत्री सांगता येणार नाही, पण जिभेपुरतं पाहिलं तर सुरतेच्या दुधाळ चहातला लिंबाचा वास याच गवताने परत आणला. त्याचं पातं चिवट आहे म्हणून निम्मं क्वाथाचं, वास उडून जातो म्हणून निम्मं फांटाचं. तेव्हा दोन लांब पाती घ्या, एकाची गाठ मारून आल्याबरोबर आधणात सोडा, आणि दुसरं कात्रीने बारीक कापून वेलची-फुदिन्याबरोबर झाकणाखाली.